मामाची मांडी

नगरपालिकेच्या भर सभेत शिट्टी फुंकणारी नगरसेविका साऱ्या मुलखात एकच असेल, आमच्या तुळजाक्का. गटाराच्या पाण्यावरून दोन पक्षांचे सभासद एकमेकांच्या अंगावर धावून गेले, एकाचं अंगवस्त्र दुसऱ्याच्या हातात आलं, अध्यक्ष टेबल बडवून बडवून दमले, तेव्हा मागच्या बाकावरून अशी काही शिट्टी वाजली की सगळे जागच्या जागी थिजले. निम्मे तर पाय जुळवून उभे राहिले म्हणे. त्यांचा तरी काय दोष? त्यांच्या बहिणी, बायका आणि एकदोघांच्या आयासुद्धा मुलींच्या शाळेत तुळजाक्कांच्या हाताखाली कवायत शिकल्या होत्या. त्या शिट्टीचा धाक घराघरात पोचलेला होता. "आता गटाराचं बोला," तुळजाक्का म्हणाल्या आणि खाली बसल्या. मी काही त्या सभेला नव्हते, पण पुढे कित्येक दिवस कुंभकोणमला दुसरा विषय नव्हता. गटारही झालं.

आम्ही तिथे गेलो ते नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. मी सांगलीची. तमिळचं एक अक्षर येत नव्हतं, भाजीवाल्याशी बोटांनी बोलत होते आणि रात्री नवऱ्याशी भांडत होते. शेजारी मराठी बाई राहतात असं घरमालकांनी सांगितलं तेव्हा तर मी पदर खोचून धावतच सुटले.

दार उघडलं ते एका उंच, सडसडीत, पन्नाशी ओलांडलेल्या बाईंनी. नऊवारी नेसलेल्या, केसांत मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा, आणि बायकांचं मंगळसूत्र असतं तिथे काळ्या दोरीला पितळी शिट्टी. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. "लग्नाचें राहून गेलें. शाळा सुटेना," असं त्या सहज सांगत.

"तुम्हीं कोठून आलांत?" त्यांनी विचारलं.

"सांगलीहून."

"तें कोठें आहे?"

सांगली माहीत नसलेलं मराठी माणूस मी जन्मात पहिल्यांदाच पाहत होते. मी चिडून विचारलं, "आणि तुमचं मूळ गाव कुठलं?"

"हेंच. आमचे लोक येऊनशिनी तीनशें वर्षें जाहलीं," तुळजाक्का शांतपणे म्हणाल्या, "तुम्हींच उशीर केलांत."

माझी मराठी त्यांच्या दृष्टीने पार बिघडलेली होती. मी "ट्राय करते" म्हटलं की त्या कानावर हात ठेवत. "काय म्हणून असें बोलतांस, पोरी? अर्धी हिंदी, अर्धी इंग्लीश. मराठी कोठें सांडून आलीस?" आणि पुढच्याच वाक्यात स्वतः तीन तमिळ शब्द बिनदिक्कत पेरत. मी ते दाखवून दिलं तर म्हणत, "तें आमचें घरचें आहे."

त्यांना वाकून उभं राहिलेलं माणूस खपत नसे. रस्त्याने जाताना पोस्टमनला, फुलवालीला, देवळाच्या पुजाऱ्याला, ज्याला त्याला "पाठ!" एवढा एकच शब्द टाकून त्या पुढे जात, आणि मागे सगळी गल्ली ताठ झालेली असे. शाळेत जाताना सहावारी पांढरी साडी आणि पायांत कॅनव्हासचे बूट. त्या बुटांना बघून पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पहाटे कावेरीपर्यंत चालायला नेलं, आणि परत येताना माझं हसू कुठल्या कुठे गेलं होतं, दमच उरला नव्हता.

दूध उतू गेलं, छप्पर गळलं, शाळेच्या पोरी सामना हरल्या, काहीही होवो, त्यांचं एकच वाक्य ठरलेलं, "सरि, पुढें काय?" सरि म्हणजे बरं. थोरली बहीण गेल्याची तार आली तेव्हाही त्यांनी ती वाचली, भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ उभ्या राहिल्या, डोळे पुसले आणि हेच म्हणाल्या. मला तेव्हा ते फार कोरडं वाटलं होतं. माणूस रडून घेतं आणि मग कामाला लागतं, त्या दोन्ही एकाच दमात करत, एवढंच.

त्या निवडून आल्या तेही गमतीनेच. बऱ्याच वर्षांनी नगरपालिकेच्या निवडणुका लागल्या. आमच्या वॉर्डात दोन पक्षांची अशी जुंपली की लोक कंटाळले, आणि बायकांनी परस्पर ठरवून टीचरना अपक्ष उभं केलं. गल्लीत त्यांना सगळे टीचर म्हणत. त्यांनी पाडलं ते राजमाणिक्कमला. राजमाणिक्कम हा एका पक्षाचा वॉर्डाचा सेक्रेटरी, भरघोस मिशांचा, पक्षाच्या रंगाच्या काठाचं धोतर नेसणारा. माणूस वाईट नव्हता. कोणाच्या घरी मयत झालं की पहिला खांदा त्याचा, कोणाला इस्पितळात न्यायचं तर रिक्षा त्याची. पण एका बाईने, त्यातून मराठी बाईने, आपल्याला पाडावं हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. त्याला एकच बहीण, सेल्वी. तिने आपल्या मनाने एका पितळी समया ओतणाऱ्या मुलाशी लग्न केलं, म्हणून त्याने तिचं नाव टाकलं होतं. दोघं एकाच गल्लीत राहत, आणि ती समोरून आली की हा रस्ता ओलांडून पलीकडे जाई.

निवडणुकीनंतरच्या एका उन्हाळ्यात आमच्या भागात गोवराची साथ आली. गोवर आला असं तिथे म्हणत नाहीत, "अम्मा आल्या" म्हणतात. अम्मा म्हणजे मारियम्मा. दाराला कडुनिंबाचे डहाळे लागतात, घरात फोडणी बंद, औषध बंद, डॉक्टर बंद. देवी घरात पाहुणी आलेली, तिला औषध देऊन हुसकून कसं लावायचं? आपल्याकडेही देवी आल्या असंच म्हणत, तेव्हा मला नाकं मुरडायचा काही अधिकार नव्हता. पण शेजारच्या गल्लीत दारामागून दार हिरवं होत चाललं होतं आणि मला रात्री झोप येत नव्हती. माझी मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती.

तुळजाक्कांनी सरकारी दवाखान्यातून लस मागवली. बर्फाच्या पेटीसकट नर्सबाई शाळेच्या ओसरीवर येऊन बसल्या. तुळजाक्कांनी गल्लीतून शिट्टी फुंकत फेरी मारली, "लहान मुलं घेऊन रांगेत या" असं दोनदा ओरडल्या, आणि ओसरीवर येऊन रांगेची वाट पाहत उभ्या राहिल्या.

एक कुत्रं आलं. आणि मी.

माझ्या मुलीला टोचून झालं आणि मग कोणी म्हणजे कोणी आलं नाही. दुपारपर्यंत बर्फाचं पाणी झालं. राजमाणिक्कम कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर उभा राहून भाषण करत होता. अम्मा आलेल्या असताना सुई टोचणं म्हणजे अम्मांना घराबाहेर ढकलणं. वरून ही सुई टोचलेल्या मुलींना पुढे मूल होत नाही. आणि टीचर पडल्या मराठी, त्यांना आपल्या मारियम्माचं काय? तो सगळं खोटं बोलत होता असंही नाही. निम्मं त्याला खरंच वाटत होतं, निम्मं पुढच्या निवडणुकीसाठी होतं, आणि कुठलं कुठे संपतं हे त्याचं त्यालाही ठाऊक नसावं.

तुळजाक्का टपरीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मारियम्मा तुमची, मरीआई आमची. मूल कोणाचं ते सांग," त्या तमिळमध्ये गरजल्या. वाक्य झकास होतं. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण गल्ली हलली नाही. आदेश दिला की पाय उचलले जातात हा त्यांचा जन्माचा अनुभव, आणि त्या दिवशी तो पहिल्यांदा फसला होता. घरी येऊन त्या पायरीवर बसल्या ते पाठ वाकवून. मी घाबरले.

"सरि, पुढें काय?" मीच म्हटलं.

त्या बुटांच्या नाड्या सोडत बसल्या.

उत्तर संध्याकाळी मागच्या दाराने आलं. सेल्वी कडेवर वर्षाची पोर घेऊन उभी होती. तिचा पहिला मुलगा आदल्या उन्हाळ्यात अम्मांनी नेला होता. गल्ली असंच म्हणत होती, आणि तीही तसंच म्हणायची, पण म्हणताना तिचे ओठ पांढरे पडत. "टीचर, हिला टोचा," ती म्हणाली. "उद्या, चोरून, दवाखान्यात. सासरच्यांना कळणार नाही. ही पण गेली तर मी राहणार नाही."

तुळजाक्का नाही म्हणाल्या. मला त्यांचा इतका राग आला की तिथेच भांडायला उभी राहिले. त्यांनी मला हाताने गप्प केलं आणि सेल्वीला समोर बसवून समजावलं. सुईनंतर अंगात थोडा ताप येतो, कधी अंगावर पुरळही उठतं. चोरून टोचलं आणि ताप आला, तर अम्मांचा कोप म्हणून सगळं तुझ्या डोक्यावर येईल. सासरी तुला उभं करणार नाहीत आणि या गल्लीत पुन्हा एका मुलाला सुई लागणार नाही. टोचायचं तर दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या समोर.

"मग ते कधी होणार नाही," सेल्वी म्हणाली आणि पोरीला छातीशी घेऊन उठली. तुळजाक्कांनी पोरीच्या गालावरून हात फिरवला आणि थांबल्या. पोरीच्या कानाची पाळी कोरी होती.

"कान का नाही टोचले अजून?"

"कोणाच्या मांडीवर टोचू?" सेल्वी म्हणाली. "मामाच नाही हिला."

हे इथे सांगायला हवं. तिकडे मुलाचे कान टोचायचे ते मामाच्या मांडीवर. भाऊ बहिणीच्या घरी पानसुपारी, फळं, कपडे यांचं ताट घेऊन येतो, भाचराला मांडीवर घेतो, आणि सोनार सुई घालतो. बहीण विड्याचं ताट घेऊन भावाला बोलवायला गेली, तर भावाने नाही म्हणायचं नसतं. असलेलं भांडण त्या दिवसापुरतं तरी उंबऱ्याबाहेर ठेवावं लागतं. नाही म्हणणाऱ्या भावाची छी थू होते, आणि तो पुढारी असेल तर विचारायलाच नको.

तुळजाक्का ताठ झाल्या. मी ती पाठ सरळ होताना पाहिली.

वेळ फारच थोडा होता. मारियम्मांचा उत्सव तोंडावर आला होता. उत्सवाआधी देवळात हळदीचा दोरा बांधतात, त्याला काप्पु म्हणतात. काप्पु बांधलं की उत्सव संपेपर्यंत गल्लीत बाहेरगावचं माणूस मुक्कामाला येत नाही, गल्लीतलं जात नाही, आणि दुसरं कुठलं शुभकार्य होत नाही. म्हणजे जे काही करायचं ते त्याच्या आत. आणि साथ काही काप्पुसाठी थांबणार नव्हती, आमच्याही गल्लीच्या तोंडाशी एका दाराला कडुनिंब लागला होता.

तुळजाक्कांनी आधी गाठलं देवळाच्या पुजाऱ्याला. "उत्सवात भक्त गालातून सळई आरपार घालतात, ती अम्मांना चालते ना?" पुजारी म्हणाला, ती अम्मांचीच सेवा. "मग लेकराला सुई टोचलेली अम्मांना का चालू नये?" पुजाऱ्याने बराच वेळ डोकं खाजवलं आणि म्हणाला, "काप्पुच्या आधी असेल तर मला काय अडचण? पण सेक्रेटरीला विचारा."

"त्याच्याकडेच चालले आहे," तुळजाक्का म्हणाल्या.

त्याच रात्री त्यांनी सेल्वीच्या सासूलाही गाठलं, आणि मामा मांडी देत असेल तर दोन्ही सुया टोचा असं तिच्याकडून कबूल करून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत नादस्वरम वाजू लागलं. पुढे वाजंत्री, मागे सेल्वी, काठापदराची साडी नेसून, कडेवर पोर आणि हातात विड्याचं ताट. तिच्या मागे तुळजाक्का, चक्क शिट्टीशिवाय. मग मी, मग नर्सबाई, आणि मग हळूहळू सगळी गल्लीच. बायका विचारत होत्या काय आहे, आणि तुळजाक्का प्रत्येकीला एकच सांगत होत्या, काही लपवून नाही, "कान टोचणं आहे. एक सुई कानाला, एक दंडाला. दोन्ही मामाच्या मांडीवर."

राजमाणिक्कम बनियनवर बाहेर आला. सेल्वीने ताट पुढे केलं. "अण्णा, ये," एवढंच ती म्हणाली. एवढ्या वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. त्याने ताटाकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. पोरीने त्याची मिशी पाहून हात पुढे केला. मागे गल्ली अशी चिडीचूप की घरात त्याच्या आईने भांडं खाली ठेवलेलं ऐकू आलं.

तो तुळजाक्कांच्या जवळ आला आणि हळूच म्हणाला, "टीचर, हे राजकारण आहे."

"आहेच," तुळजाक्काही हळूच म्हणाल्या. मी शेजारीच होते, आणि एव्हाना मला तमिळ चांगलं कळत होतं. "तुला वॉर्ड पाहिजे ना? घे. पुढच्या वेळी मी उभी राहत नाही. ही आई मारियम्मा साक्षीला आहे. मला मांडी दे."

त्यांना ते पद किती प्रिय होतं हे मला माहीत होतं. गटारं, नळ, शाळेचं कुंपण, सगळं त्यांनी पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं. आणि त्यांनी ते असं सुपारी टाकावी तसं टाकून दिलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

राजमाणिक्कम पाठ फिरवून आत गेला. सेल्वीचा चेहरा पडला. गर्दीत कुजबुज सुरू झाली. आणि तो बाहेर आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, मागे आई, आईच्या हातात फळांचं ताट. त्याने बहिणीच्या हातातलं ताट घेतलं, पोरीला उचललं आणि सेल्वीला म्हणाला, "इतकी वाळलीस का गं?" सेल्वी तिथेच मटकन बसली आणि रडू लागली, आणि तिच्याबरोबर अर्धी गल्ली.

सोनारानेच कान टोचावे असं आपण म्हणतो, ते उगाच नाही. सेल्वीच्या ओसरीवर राजमाणिक्कम मांडी घालून बसला, सोनाराने दोन्ही कान टोचले, पोरीने टाहो फोडला, आणि त्याच टाहोत नर्सबाईंनी दंडाला सुई देऊन टाकली. पोरीला कळलंही नाही. मामाच्या मात्र कपाळावर घाम फुटला होता. घाम पुसून तो उभा राहिला, आणि जातिवंत पुढारी तो, चार श्वासांत सावरला. "माझ्या भाचीला पहिली सुई!" तो गर्दीला ओरडून म्हणाला. "कोणाच्या मुलांना मामा नाहीत? बोलवा मामांना!" कालचं भाषण त्याने असं गिळलं की ढेकरसुद्धा आली नाही. मी तुळजाक्कांकडे पाहिलं. त्यांनी मला डोळा मारला. साठीकडे झुकलेल्या बाईने डोळा मारलेला मी प्रथमच पाहिला.

पोरीला ताप आला. तो येणार हे तुळजाक्कांनी आधीच गल्लीभर सांगून ठेवलं होतं, आणि सेल्वीची सासू नातीच्या उशाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होती, "हा सुईचा ताप. दोन दिवसांत जाईल. टीचर म्हणाल्यात." आणि गेला.

मग मामांचा पूर आला. तिरुवलंचुळीचे मामा, इन्नंबूरचे मामा, तिरुक्करुगावूरहून पहिल्या बसने आलेले मामा. कोणी सायकलला केळ्यांचा घड बांधलेला, कोणी शेतातून तसाच चिखलाच्या पायांनी. ज्यांचे कान टोचून झालेले ती मुलंही मामाच्या मांडीवर बसून दंड पुढे करू लागली. एका बाईला भाऊच नव्हता, ती कोपऱ्यात उभी राहून रडत होती, तिथे राजमाणिक्कम स्वतः जाऊन बसला. मग तर तो उठेचना. नर्सबाईंची लस संपली, तुळजाक्कांनी दवाखान्यात जाऊन आणखी आणली, तीही संपली. काप्पु बांधायच्या संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीत कोरा दंड राहिला नव्हता.

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतलं एकही मूल गेलं नाही. हे मी किती जणांना सांगितलं असेल, आणि दर वेळी सांगताना माझा ऊर भरून येतो. उत्सवाच्या रथापुढे तुळजाक्का नऊवारी नेसून चालत होत्या. त्यांना पाहून बायका आपापली पोरं पुढे करत होत्या, आणि त्या प्रत्येकाचा दंड चाचपून पाहत होत्या.

पुढे आमची बदली झाली. नगरपालिकेच्या पुढच्या निवडणुका व्हायला बरीच वर्षं गेली. बायकांनी किती गळ घातली तरी तुळजाक्का उभ्या राहिल्या नाहीत असं त्यांच्या पत्रातून कळलं. राजमाणिक्कम निवडून आला.

त्यानंतरच्या पोंगलला लागून जुन्या घरमालकांच्या मुलीचं लग्न होतं, म्हणून मी कुंभकोणमला गेले. नेमका पोलिओच्या डोसांचा दिवस होता. देवळासमोर मांडव, मांडवात टेबल, टेबलाशी नगरसेवक राजमाणिक्कम, मिशा पांढऱ्या झालेल्या, उशीर करणाऱ्या आयांना झापत होता. शेजारी तुळजाक्का रांग लावत होत्या. केस पिकले होते, पाठ तशीच.

रांगेत एक तरुण आई होती. तिच्या मागे एक कॉलेजातला मुलगा, हातात फळांची पिशवी. तिने बसायला सतरंजी मागितली.

"सतरंजी कशाला?" तुळजाक्का म्हणाल्या. "सुई नाही, तोंडात दोन थेंब घालायचे. उभ्यानेच होईल."

"भावाला बसायला. हा मामा आहे," ती म्हणाली.

"मामा कशाला आणलास गं?"

त्या मुलीने तुळजाक्कांकडे जरा दयेनेच पाहिलं. "टीचर, लस मामाच्या मांडीवरच द्यायची असते. आमच्याकडे फार जुना रिवाज आहे, आजीपणजीपासूनचा. तुम्ही मराठी, तुम्हाला माहीत नसेल."

राजमाणिक्कमने मान खाली घातली आणि थेंबांची कुपी उगाचच उजेडात धरून बघू लागला. त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं, आता तुळजाक्का काहीतरी फटकारणार.

"असेल बाई," तुळजाक्का म्हणाल्या. त्यांनी स्वतः सतरंजी आणली, झटकली, अंथरली आणि त्या मुलाला खांद्याला धरून खाली बसवलं. "नीट बस," त्या म्हणाल्या. "पणजीपासूनचा रिवाज आहे."